चौकात विचारून कायदा कळेल का?

पत्र

मी एलएल.बी. करून मग तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. आता पीएच.डी.चं दुसरं वर्ष चालू आहे. विषय आहे कायद्याची संकल्पना. वाचताना सारखं खटकतं, की मोठमोठे लेखक 'आपण सगळे असंच मानतो', 'हे कुणीही कबूल करेल' असं बिनदिक्कत लिहून जातात आणि विचारत मात्र कुणालाच नाहीत. म्हणून प्रबंधात एक प्रकरण सर्वेक्षणाचं ठेवलं. हजारभर लोकांना प्रश्नावली द्यायची. संख्याशास्त्रातली मैत्रीण आकडेमोड करून द्यायला तयार आहे. गाईड सर म्हणाले, 'कायदा म्हणजे काय हे चौकात उभं राहून विचारायचं असेल तर समाजशास्त्र विभागात जा.' वडील तालुका कोर्टात वकिली करतात. ते म्हणतात, 'कायदा काय आहे ते कचेरीतल्या कारकुनाला विचार, तुझ्या तत्त्वज्ञांना नको.' प्रकरण ठेवू की काढू? आणि गाईड बदलू का? सोबत सिनॉप्सिस जोडला आहे.

– गोंधळलेली संशोधक, कोल्हापूर

उत्तर

गाईड बदलू नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर संशोधन राहील बाजूला आणि महिनाभर हॉस्टेलवर हीच चर्चा रंगेल. सरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांच्याशी जरूर वाद घाला, पण तयारी करून.

बरोबर निम्मं असं, की संकल्पनेचा निकाल मतदानानं लागत नाही. समजा, तुमच्या हजारातले सातशे म्हणाले, 'शिक्षेची तरतूद नसेल तर तो कायदाच नव्हे.' त्यातून एवढंच कळतं, की सातशे लोकांचं जॉन ऑस्टिन या इंग्रज कायदेपंडिताशी जमतं. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि ती मोडली की शिक्षा, असं ऑस्टिननं १८३२ मध्ये मांडलं होतं. एच. एल. ए. हार्ट या ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञानं १९६१ मध्ये या मांडणीला सुरुंग लावला, तो माणसं मोजून नव्हे. मृत्युपत्र कसं करावं, करार कसा करावा, लग्न कधी वैध होतं, हे सांगणारे नियम कुणालाच आज्ञा देत नाहीत. ते माणसाच्या हाती अधिकार देतात, एवढंच त्यानं दाखवून दिलं. सातशे लोक विरोधात गेले म्हणून हा युक्तिवाद कोसळत नाही.

पण सर ज्या ऐटीत समाजशास्त्र विभागाचा रस्ता दाखवतात, ती ऐट खुद्द हार्टलाही परवडली नसती. आपल्या पुस्तकाकडे वर्णनात्मक समाजशास्त्राचा निबंध म्हणूनही पाहता येईल, असं त्यानं प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. (पुस्तकभर शोधूनही एक मुलाखत की एका कचेरीची भेट सापडत नाही, हा भाग वेगळा. टीकाकारांनी त्यावरून त्याची टर उडवलेली आहेच.) तरी ते वाक्य उगाच पडलेलं नाही. हार्टच्या सगळ्या मांडणीचा कणा म्हणजे मान्यतेचा नियम. कुठला नियम कायदा धरायचा आणि कुठला नाही, हे ठरवणारी शेवटची कसोटी. या कसोटीला तिच्यावरच्या कुठल्या कायद्याचा आधार नसतो. न्यायाधीश आणि अधिकारी ती रोजच्या कामात प्रत्यक्ष वापरतात, म्हणून ती असते. आता ती ते वापरतात की नाही, हे खुर्चीत डोळे मिटून कसं कळणार?

सोनं म्हणजे काय हे सराफाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारून ठरत नाही. सगळी गिऱ्हाइकं फसली तरी सोनं सोनंच राहतं. कायद्याचं तसं नाही. जिथे कुणीच कशालाच कायदा मानत नाही, तिथे तो जमिनीखाली दडून बसलाय आणि पुढेमागे कुणीतरी खणून काढेल, असं होत नाही. माणसांचं मानणं हा कायद्याच्या घडणीतलाच ऐवज आहे. तेव्हा लोक काय मानतात ही चौकशी तत्त्वज्ञानाच्या हद्दीबाहेरची नव्हे. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, एवढंच काय ते बघायचं.

चौकात विचारणं तसं नवीनही नाही. २००३ मध्ये जोशुआ नोब या अमेरिकी तत्त्वज्ञानं मॅनहॅटनच्या एका सार्वजनिक बागेत बसलेल्या लोकांना एक गोष्ट ऐकवली. कंपनीच्या अध्यक्षाला सांगण्यात येतं, की नव्या योजनेनं नफा होईल आणि पर्यावरणाचं नुकसानही होईल. तो म्हणतो, पर्यावरणाचं मला काही पडलेलं नाही, करा सुरू. नुकसान त्यानं मुद्दाम केलं का? ८२ टक्के लोक म्हणाले, हो. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट, फक्त नुकसानाच्या जागी फायदा. पर्यावरणाला मदत त्यानं मुद्दाम केली का? हो म्हणणारे २३ टक्के. अध्यक्षाच्या मनातला हेतू दोन्हीकडे शब्दशः एकच, तरी उत्तरं उलटी. हे आकडे खुर्चीत बसून मिळाले नसते. 'हेतू' हा शब्द फौजदारी कायद्यात पावलोपावली येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आता थेट तुमच्या विषयाकडे येते. लॉन फुलर या अमेरिकी कायदेपंडितानं १९६४ मध्ये रेक्स नावाच्या एका काल्पनिक राजाची गोष्ट सांगितली. बिचारा कायदे करायला जातो आणि आठ तऱ्हांनी आपटतो. कधी नियम गुप्त ठेवतो, कधी मागच्या तारखेनं लावतो, कधी कुणाला कळणार नाहीत असे लिहितो, कधी परस्परविरोधी करतो. फुलरचं म्हणणं असं, की यातली एखादी गोष्टही पूर्णपणे फसली तर जे उरतं तो वाईट कायदा नव्हे, तो कायदाच नव्हे. हार्टला हे पटलं नाही. दोघांचे अनुयायी अजून भांडताहेत आणि दोन्ही पक्ष सामान्य माणूस आपल्याच बाजूला आहे असं धरून चालतात.

इवार हॅनिकायनेन हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या ३,०५४ लोकांना हेच विचारलं. एका गटाला प्रश्न असा: मागच्या तारखेनं लागू होणारा किंवा कुणालाच न समजणारा कायदा असू शकतो का? दुसऱ्या गटाला असा: असे कायदे आहेत का? लोक म्हणाले, असू शकत नाहीत. आणि लोक असंही म्हणाले, की आहेत. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, कल हाच. संशोधकांनी हे भाकीत आधीच नोंदवून ठेवलं होतं, त्यामुळे आकडे हाती आल्यावर सिद्धान्त शिवला असाही आरोप करता येत नाही.

हे वाचून 'लोक गोंधळलेले आहेत' असं म्हणण्याचा मोह होतो. पण हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला काढून वाचा. आपल्या अभ्यासक्रमात त्याची दोन ओळींत बोळवण होते, ते चुकीचं आहे. जयपूर संस्थानात महाराज अल्पवयीन असताना कारभार पाहणाऱ्या मंडळानं डिसेंबर १९२३ मध्ये एक ठराव करून जयपूर अफू कायदा केला. केला म्हणजे आपल्या दालनात मंजूर केला. ना गॅझेट, ना दवंडी, ना कचेरीच्या भिंतीवर कागद. त्याच कायद्याखाली पुढे एका माणसाला दोषी धरून ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. हे बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, तिथूनच दिल्लीला गेले. त्यांनी सांगितलं, की कायदा अमलात येण्याआधी तो लोकांना कळेल अशा रीतीनं जाहीर व्हायलाच हवा, ही नैसर्गिक न्यायाची मागणी आहे. जिथे लोकांना प्रवेश नाही अशा बंद दालनात झालेल्या नुसत्या ठरावानं माणसांचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि मालमत्ता बांधली जावी, ही कल्पनाच सुसंस्कृत माणसाच्या विवेकाला धक्का देणारी आहे. दंड रद्द झाला. फुलरचं पुस्तक यायला तेव्हा १३ वर्षं होती.

आता मला सांगा, मधल्या पाव शतकात तो अफू कायदा होता की नव्हता? त्याच्या नावानं खटला भरला गेला, न्यायालयानं दंड ठोठावला, म्हणजे होता. सर्वोच्च न्यायालय म्हणतं, तो अमलात आलाच नव्हता, म्हणजे नव्हता. सर्वेक्षणातला माणूस दोन्ही उत्तरं देतो, आणि माझ्या मते तोच प्रामाणिक आहे. याच जातीचं दुसरं उदाहरण जास्त जवळचं. २०१२ च्या वित्त कायद्यानं परदेशात झालेल्या शेअर-व्यवहारांवर कर लावता यावा म्हणून आयकर कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल १९६२ पासून लागू धरली. पन्नास वर्षं मागे! संविधानाच्या कलम २०(१) मधली मनाई फक्त गुन्ह्यांपुरती, त्यामुळे करांच्या बाबतीत असं करायला वाव होता. 'असं कसं असू शकतं?' म्हणणारे सगळे सीए तेव्हा तीच दुरुस्ती समोर ठेवून अशिलांना सल्ले देत होते. २०२१ मध्ये सरकारनंच जुन्या व्यवहारांवरची ती कराची मागणी मागे घेतली.

प्रबंधासाठी यातून काय घ्यायचं? लोकांच्या मनात कायद्याच्या दोन मापांच्या पट्ट्या एकदम असतात. एक, योग्य ठिकाणाहून निघाला का, शिक्का आहे का. दुसरी, कायदा ज्यासाठी असतो ते तो करतो का. ब्रायन फ्लॅनगन आणि हॅनिकायनेन यांचा २०२२ चा अभ्यासही याच दिशेला जातो. सामान्य माणसाच्या मनातला कायदा नैतिकतेपासून पुरता सुटा करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ते त्याला नैसर्गिक कायद्याच्या, म्हणजे कायदा मुळातच नैतिक असतो या मताच्या, बाजूचा पुरावा मानतात. मी इतकी घाई करणार नाही. 'हा कसला कायदा!' म्हणून चिडणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कायद्याखाली अर्ज भरायला रांगेत उभा असतो. त्याच्या चिडण्यातून फुलरला गुण मिळतात आणि रांगेतून हार्टला. एकाचेच मोजले तर निकाल आधीच ठरलेला असतो.

तुमच्या सिनॉप्सिसबद्दल एक तक्रार आहे. त्यात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका प्रश्नावलीत कोंबल्या आहेत. 'बागेत वाहनांना मनाई' या हार्टच्या १९५८ च्या उदाहरणावर पाच प्रश्न आहेत. सायकल वाहन का, रुग्णवाहिका वाहन का, आणि फुलरनं उलट विचारलेला तो चौथऱ्यावर स्मारक म्हणून उभा केलेला महायुद्धातला ट्रक. उदाहरण झकास आहे आणि त्यावर कामही चांगलं झालं आहे. केव्हिन टोबिया यांनी २०२० मध्ये सामान्य लोक, कायद्याचे विद्यार्थी आणि न्यायाधीश अशा सगळ्यांना विचारून दाखवलं, की शब्दकोश काढून पाहणाऱ्याचं उत्तर आणि माणसं प्रत्यक्ष देतात ते उत्तर वेगळं पडू शकतं. पण तो प्रश्न नियमातल्या शब्दाच्या अर्थाचा आहे. तुमचा प्रश्न नियम कायदा केव्हा होतो, हा. ते पाचही प्रश्न काढून टाका. दुसरा प्रबंध होईल त्यांचा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही हजार माणसांना विचारणार, पण कुणाला? हार्टच्या मते कायदेव्यवस्था उभी राहायला किमान दोन गोष्टी लागतात. सामान्य लोकांनी एकंदरीत नियम पाळावेत, मग ते कुठल्याही कारणानं का असेना. आणि अधिकाऱ्यांनी मान्यतेचा नियम मनापासून कसोटी म्हणून स्वीकारलेला असावा. पहिल्या वर्गाची अवस्था मेंढरांसारखी होऊ शकते, आणि मेंढरं शेवटी खाटीकखान्यात जाऊ शकतात, हे त्यानंच लिहिलंय. पण त्यामुळे व्यवस्था कायद्याची उरत नाही, असं तो म्हणत नाही. म्हणजे हार्ट तपासायचा तर चौकातल्या हजारांचं मत जवळजवळ निरुपयोगी. सर 'चौकात नको' म्हणतात ते बरोबर, पण कारण भलतंच देतात. विचारायचंच नाही असं नव्हे, चौक चुकलाय.

इथे तुमच्या वडिलांचं ऐका. कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन टेबलापलीकडच्या माणसाला अधिनियमाचं कलम वाचून दाखवा. तो शांतपणे म्हणेल, 'जीआर आहे का?' शासन निर्णय हवा. त्यावर संगणक सांकेतांक हवा, खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ हवी. मग फाईल हलते. नाहीतर 'वरून मार्गदर्शन मागवलंय.' पुस्तकातली उतरंड तुम्हाला पाठ आहे: संविधान, अधिनियम, त्याखालचे नियम, आणि सगळ्यांत खाली शासन निर्णय नि परिपत्रकं. संविधानाच्या कलम १६२ खालच्या कार्यकारी सूचना कायद्यातली पोकळी भरू शकतात, कायद्याला ओलांडू शकत नाहीत, हेही पक्कं ठरलेलं. मग टेबलावर उतरंड उलटी का दिसते?

एक उत्तर असं, की काही उलटं नाही. कारकून फक्त सोयीचा कागद मागतोय, अधिनियमाला तो मनातून वरचाच मानतो. दुसरं उत्तर असं, की त्या टेबलापुरता मान्यतेचा नियम खरोखरच वेगळा आहे, आणि 'एका व्यवस्थेत एक अंतिम कसोटी' हे हार्टचं चित्र फार नीटनेटकं आहे. अमेरिकी कायदेपंडित कार्ल लेवेलिन कागदावरचे नियम आणि खरे नियम असा भेद करायचा, त्याला हे दुसरं उत्तर आवडलं असतं. दोन्हींत निवड युक्तिवादानं होत नाही, तिथे जाऊन पाहावं लागतं. तुमच्या प्रकरणाची जागा ही आहे.

हजार नकोत, साठ-सत्तर माणसं पुरेत. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील कचेरीतले अव्वल कारकून, कोर्टातले सहायक अधीक्षक. दोन गट करा. एका गटाला विचारा: अधिनियम आणि शासन निर्णय यांत विरोध असेल तर अधिनियमाविरुद्ध जाऊन शासन निर्णय लागू होऊ शकतो का? दुसऱ्या गटाला: असं कुठे होतं का? एकाच माणसाला दोन्ही विचारू नका, तो पहिल्या उत्तराला साजेसं दुसरं देतो. 'होऊ शकतो का' हे 'होऊ द्यावं का' असंही ऐकलं जातं, म्हणून आधी पाच-दहा जणांवर प्रश्न घासून घ्या आणि प्रत्येकाला काय समजलं ते विचारा. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. कचेरीतली माणसं नाव येणार नाही याची खात्री पटल्याशिवाय जीआरबद्दल खरं बोलणार नाहीत. आणि प्रश्नावलीवर थांबू नका, परवानगी मिळाली तर आठवडाभर एका टेबलाशेजारी बसा. काय म्हणतात ते एक, काय करतात ते दुसरं, आणि तुमच्या विषयात दुसऱ्याचं वजन जास्त.

एक धोका आपल्याच इतिहासातला आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या (म्हणजे तेव्हाच्या सरकारी कायद्याच्या) कलम २६ नं न्यायाधीशांना क्रम लावून दिला होता: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशनं, ती नसतील तिथे मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. यापेक्षा स्वच्छ मान्यतेचा नियम हार्टलाही सापडला नसता. पण वहिवाट म्हणजे नेमकं काय, हे विचारल्याशिवाय कळणार कसं? त्याच वर्षी आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचं संकलन सरकारला करून दिलं, शास्त्र्यांना आणि जातीच्या लोकांना विचारून. पुढे न्यायालयं त्या पुस्तकाचे दाखले देऊ लागली. एका दिवशी एका माणसानं साहेबाला दिलेलं उत्तर छापलं गेलं आणि वादी-प्रतिवादींवर लागू झालं. जी रीत गावागणिक वाकत होती, ती ताठ झाली. लोकांना कायद्याबद्दल विचारणं हा निव्वळ मोजमापाचा खेळ नसतो, एवढं ध्यानात ठेवा. तुमच्या प्रबंधानं कुठली वहिवाट ताठ होणार नाही हे खरं, पण 'संशोधनातून सिद्ध झालं' असं म्हणत उद्या कुणी तुमचा तक्ता कोर्टात फडकवू नये, इतकं मोजून मापून लिहा.

सरांकडे जाताना मैत्रिणीचे आलेख नेऊ नका, ते पाहूनच त्यांचं डोकं फिरेल. हार्टची प्रस्तावना, हरलाचा निकाल आणि वरचे दोन प्रश्न, इतकंच न्या. मग त्यांना सांगा, 'सर, तलाठी काय उत्तर देतील असं तुम्हाला वाटतं, ते कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करून द्या. माझं भाकीतही मी लिहून देते. प्रत्यक्ष काम झाल्यावर दोन्ही उघडू.' ते नाही म्हणाले, तर अधिकारी काय मानतात याबद्दल आपण काही सांगू शकत नाही, असं त्यांना म्हणावं लागेल आणि मग हार्ट शिकवणं कठीण जाईल. हो म्हणून त्यांनी लिहून दिलं, तर हा प्रश्न जाऊन पाहण्याचा आहे, हे त्यांच्याच अक्षरात तुमच्या हाती येईल. तो लिफाफा परिशिष्टात लावा.